ताबा कोणाचा आणि तोटा कोणाचा

(तालुक्याच्या गांवीं आठवडे-बाजाराच्या दिवशीं शेतकरी व कारागीर मंडळींपुढें आम्हीं केलेलें भाषण. जे त्या दिवशीं येऊं शकले नाहींत त्यांच्या आग्रहावरून येथें देत आहों.)



गेल्या बाजारीं एका वृद्ध गृहस्थांनीं आम्हांस वाटेंत अडवून विचारलें, "अहो, बँक बुडवून एखादा शेठ विलायतेस पळतो. तो कोठें राहतो, कोणत्या मोटारींत बसतो हें सर्वांस ठाऊक असतें. वर्तमानपत्रांत त्याचा फोटो येतो. मग त्यास दंडाला धरून आणीत कां नाहींत? आमची सोसायटीची बाकी थकली तर वसुलीवाला दुसऱ्या दिवशीं उंबऱ्यांत उभा!" प्रश्न रास्त होता. रस्त्यांत उभ्यानें उत्तर देण्याजोगा मात्र नव्हता, म्हणून त्यांस म्हटलें, तात्या, पुढच्या बाजारीं या, चार मंडळींसमोरच बोलूं. ते आज पुढेंच बसले आहेत.

तर तात्या, पोलिसाचा हात हद्दीपर्यंतच पोंचतो. आमच्या पणजोबांच्या वेळचें उदाहरण घ्या. कोल्हापूर, सांगली, मिरज, कुरुंदवाड अशीं संस्थानें आणि मधून मधून इंग्रजांचा खालसा मुलूख, अशी ही सगळी गोधडी होती. एक बांध संस्थानांत, पलीकडचा बांध खालशांत. खालशांत कोणी कांहीं केलें आणि ओढा ओलांडून संस्थानांत गेला, तर खालशाच्या फौजदारास ओढ्याच्या कांठीं थांबावें लागे. माणूस पाहिजे तर कागद पाठवावा लागे, आणि त्यासाठीं इंग्रज सरकारनें १९०३ सालीं एक कायदाच केला होता. पुढें संस्थानें गेलीं, इंग्रजही गेला, आणि १९६२ सालीं आपल्या देशानें नवा कायदा केला. त्याला प्रत्यार्पणाचा कायदा म्हणतात. शब्द जड आहे, मजकूर सोपा आहे. तुमचा आरोपी आमच्या हद्दींत आला तर आम्ही तो तुम्हांस देऊं, आमचा तुमच्याकडे आला तर तुम्हीं द्यावा.

पण देणारा डोळे मिटून देत नाहीं, आणि देऊंही नये. ज्या कामाबद्दल तुम्ही माणूस मागतां तें काम आमच्या कायद्यांतही गुन्हा आहे काय, हें तो पाहतो. पुरावा आहे कीं नुसती आवई, हें पाहतो. राजकारणाच्या वैरापायीं मागत नाहींत ना, हेंही पाहतो. आरोपीला वकील देतो, कोर्टांत बोलूं देतो, अपील करूं देतो. ज्याच्याजवळ पैका आहे तो याच पायऱ्यांवर बसून वर्षें काढतो. ज्याच्याजवळ नाहीं तो लवकर जातो. तात्या, तुमच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर इतकेंच आहे.

उरलेल्या अर्ध्या उत्तरासाठीं आम्ही आज उभे आहों. दोन देशांची गोडी असली म्हणजे हा सारा कारकुनी कारभार. पण दोन दांडग्या राज्यांचें हाडवैर असावें आणि आरोपी तिसऱ्याच्याच अंगणांत सांपडावा, मग काय होतें? ही गोष्ट कॅनडा देशांत घडली, आणि तिच्यांत शेतकरी आहे, म्हणूनच ती तुम्हांस सांगावीशी वाटली.

१ डिसेंबर २०१८ रोजीं कॅनडाच्या व्हँकूव्हर शहरीं हाँगकाँगहून एक विमान उतरलें. त्यांत मेंग वान्झोउ नांवाची एक चिनी बाई होती. तिला तेथून दुसऱ्या विमानानें मेक्सिकोस जावयाचें होतें. ही बाई साधीसुधी नव्हे. हुआवे म्हणून चीनची जी मोठी कंपनी टेलिफोनचीं यंत्रें करते, तिच्या संस्थापकाची ती मुलगी आणि कंपनीच्या तिजोरीची प्रमुख. अमेरिकेनें तिच्यावर न्यूयॉर्कच्या कोर्टांतून वॉरंट काढलें होतें. आरोप असा कीं, अमेरिकेनें इराणशीं व्यापाराला बंदी घातली असतां, इराणांत धंदा करणाऱ्या एका कंपनीशीं हुआवेचा खरा संबंध काय, हें तिनें २०१३ सालीं एका मोठ्या बँकेपासून लपवून ठेवलें आणि बँकेची फसवणूक केली. अमेरिका व कॅनडा यांचा माणूस देण्याघेण्याचा करार जुना. अमेरिकेनें कागद पाठविला, कॅनडानें विमानतळावर बाईला धरलें.

मौज पाहा. त्याच दिवशीं संध्याकाळीं अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प आणि चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग हे दोघे अर्जेंटिनांत एका मेजावर जेवत होते! दोघांचा जकातींचा झगडा चालला होता आणि तो मिटविण्याची बोलणीं होतीं. पुढें दहाबारा दिवसांनीं ट्रम्पसाहेब असेंही बोलले कीं, व्यापाराचा सौदा जुळत असेल तर या खटल्यांत आपण हात घालूं. ज्यानें कोर्टाचा कागद पाठविला त्याच्याच मालकानें हें बोलावें! कॅनडा बिचारा जगाला सांगत होता कीं हें शुद्ध कोर्टाचें काम आहे, यांत राजकारण नाहीं. शेजाऱ्यानें एका वाक्यांत त्याच्या बोलण्यावर पाणी ओतलें.

चीननें आरोपीला परत मागितलें. कॅनडा म्हणाला, कोर्ट ठरवील. मग १० डिसेंबरला, म्हणजे बाईच्या अटकेनंतर नवव्या दिवशीं, चीनमध्यें कॅनडाचे दोन माणूस उचलले गेले. एक मायकल कोव्हरिग, पूर्वीं कॅनडाच्या वकिलातींत नोकरीस असलेला. दुसरा मायकल स्पेव्हर, उत्तर कोरियाच्या सहली नेणारा व्यापारी. दोघांवर हेरगिरीचा संशय. चीनचें म्हणणें असें कीं या दोन गोष्टींचा परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं. तुम्ही समजून घ्या.

आतां दोन कैदांतला फरक ऐका. मेंगबाईला दहा दिवसांत जामीन मिळाला. जामीन एक कोटी कॅनडियन डॉलरचा. पायांत एक यंत्र अडकविलें, म्हणजे ती कोठें आहे हें कळावें. राहावयाचें व्हँकूव्हरमधल्या स्वतःच्या घरीं, दिवसा शहरांत फिरावयाची मुभा, रात्रीं अकराच्या आंत घरीं. देशांतले उत्तम वकील दिमतीला. आणि इकडे ते दोघे मायकल? कोव्हरिगनें सुटल्यावर पुष्कळ दिवसांनीं सांगितलें कीं, त्यास जवळजवळ सहा महिने एकट्याला कोठडींत ठेवलें, दिवा रात्रंदिवस जळत असे, आणि रोज तासन्‌तास सवाल-जबाब चालत. वकिलातीचा माणूस महिन्यांतून एकदां भेटे. पुढें करोनाच्या सांथींत तीही भेट कित्येक महिने बंद पडली. धरला गेला तेव्हां त्याची जोडीदारीण गरोदर होती. त्याची मुलगी चालूं-बोलूं लागली तेव्हां बापानें तिला पहिल्यानें पाहिलें. आम्ही मेंगबाईच्या पायांतलें यंत्र हलकें मानीत नाहीं, परदेशीं अडकून पडणें हा त्रासच. पण एकीजवळ कोर्ट होतें आणि दोघांजवळ तें नव्हतें, हें बोलल्यावांचून राहवत नाहीं.

आणखी एक कॅनडियन चीनच्या तुरुंगांत आधींपासून होता, मादक मालाच्या गुन्ह्यांत. नोव्हेंबर २०१८ मध्यें त्याला पंधरा वर्षांची शिक्षा झाली होती. बाई पकडली गेल्यानंतर त्याचा खटला नव्यानें चालला आणि जानेवारी २०१९ मध्यें एका दिवसांत त्यास फांशीची शिक्षा सुनावली गेली.

येथवर ही मोठ्यांची गोष्ट झाली. आतां तुमची येते.

कॅनडाच्या मधल्या पठारी मुलखांत, म्हणजे सस्कॅचेवान, अल्बर्टा, मॅनिटोबा या प्रांतांत, कॅनोला नांवाचें गळिताचें पीक होतें. आपल्या मोहरीचीच ही भाऊबंद. फूल तसेंच पिवळें, दाणा तसाच बारीक आणि काळसर. जुन्या जातीच्या तेलांत माणसास न मानवणारें आम्ल होतें आणि पेंड जनावरास बाधे. १९७० च्या सुमारास तिथल्या संशोधकांनीं निवड करून नवी जात काढली, तिच्या तेलांतली आणि पेंडीतली ती खोड काढून टाकली आणि आपल्या देशाच्या नांवावरून तिला नांव दिलें. आज चाळीस हजारांवर शेतकरी हें पीक घेतात. येथें तेलीबंधू बसले आहेत, त्यांस सांगावयास नको कीं गळिताच्या धंद्यांत तेल विकतें तशीच पेंडही विकते. चीनला दोन्ही पाहिजेत, तेल कढईला आणि पेंड डुकरांना व माशांना. कॅनडा जेवढा कॅनोलाचा दाणा परदेशीं पाठवी त्यांतला शेंकडा चाळीसच्या आसपास एकटा चीन घेई. म्हणजे पांच पोत्यांतलीं दोन पोतीं एकाच गिऱ्हाइकाच्या दारीं. गिऱ्हाईक मोठें म्हणून शेतकरी खूष होता. आपल्याकडे कांद्याच्या बाबतींत असें कितीदां झालें आहे तें तुम्हीच आठवा.

मार्च २०१९ उजाडला. चीननें कॅनडाच्या एका बड्या धान्य-कंपनीचा परवाना रद्द केला, त्याच महिन्यांत दुसरीचाही. कारण काय? दाण्यांत कीड सांपडली! शेत तेंच, दाणा तोच, बोटही तीच. कीड मात्र डिसेंबराच्या अटकेनंतर निघाली. कीड निघूंच शकत नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं, शेतमालांत कीड निघते हें आम्हांस कोणी शिकवावें असें नाहीं. पण कॅनडाच्या सरकारी तपासनीसांनीं माल पुन्हां तपासला, त्यांस कांहीं आढळलें नाहीं. दाखवा म्हटलें तर समाधान होईल असें कांहीं दाखविलें गेलें नाहीं. जूनमध्यें डुकराचें व गाईचें मांसही बंद झालें, त्यास कारण खोट्या दाखल्यांचें. तें नोव्हेंबरांत पुन्हां सुरू झालें. कॅनोलाचें दार मात्र अर्धवट लागलेलेंच राहिलें.

वेळ कोणती साधली तें पाहा. मार्च महिन्यांत तिथें अजून बर्फ असतो. गेल्या सालचा माल शेतावरच्या पोलादी कोठारांत पडलेला असतो आणि तो विकून मे महिन्याची पेरणी करावयाची असते. बी सांगून ठेवलेलें, खत उचललेलें, यंत्राचा हप्ता डोक्यावर. नेमका तेव्हां भाव घसरला. त्या शेतकऱ्यानें मेंगबाईचें नांवही ऐकलें नव्हतें. इराण त्याच्या बांधाला लागून नाहीं. न्यूयॉर्कच्या बँकेंत त्याचें खातें नाहीं. पण दंड त्याच्या कोठारावर बसला.

सरकारनें काय केलें? पिकावर आगाऊ उचल देण्याची जी योजना होती तिची मर्यादा मे २०१९ मध्यें चार लाख डॉलरवरून दहा लाखांवर नेली, आणि कॅनोलावाल्यांस त्यांतले पांच लाख बिनव्याजी केले. वर्तमानपत्रांत मोठी वाहवा झाली. पण बिनव्याजी झालें तरी तें कर्जच, बाबांनो! माल गेला नाहीं तर कर्ज फेडावयाचें कशानें? सरकारनें गाऱ्हाणें जागतिक व्यापार संघटनेकडेही नेलें. तिथलें काम कसें चालतें, तर सप्टेंबर २०१९ मध्यें अर्ज, आणि पंच नेमले जुलै २०२१ मध्यें. तोंवर दोन पेरण्या उरकल्या. शेतकऱ्यांचें नशीब इतकेंच बरें कीं युरोपांत त्या सुमारास पीक कमी आलें, तिकडे गिऱ्हाईक मिळालें, आणि कांहीं माल अमिरातींच्या घाण्यांच्या आडवाटेनें गेला.

आतां कोणी विचारील, एवढा जाळ झाला तर कॅनडानें त्या बाईला सोडून कां दिलें नाहीं? हा प्रश्न तिथल्या थोर थोर माणसांनींही केला. त्यांच्या कायद्यांत अशी वाट आहे कीं न्यायमंत्र्यानें मनांत आणलें तर हें काम केव्हांही मागें घेतां येतें. जून २०२० मध्यें एकोणीस मोठ्या मंडळींनीं, त्यांत जुने मंत्री, जुने न्यायाधीश, वकिलातीचे लोक होते, पंतप्रधान ट्रुडो यांस पत्र लिहिलें कीं बाईला सोडा आणि आपले दोघे आणा. चीनच्या प्रवक्त्यानेंही त्याच दिवसांत सुचविलें कीं खटला थांबला तर वाट निघूं शकेल. म्हणजे जो संबंध नाहीं नाहीं म्हणत होते तो असा हळूच पदराआडून दिसला. ट्रुडोंनीं नाहीं म्हटलें. त्यांचें म्हणणें, आज दोन माणसें धरून आमचें कोर्ट वळवितां आलें, तर उद्यां वाटेल त्या देशानें आमचीं माणसें धरावीं.

आम्हांस विचाराल तर ट्रुडोंचें म्हणणें बरोबर होतें. दिलेला शब्द पुढें महाग पडला म्हणून मोडावयाचा, तर मग शब्द द्यावाच कशाला? पण त्यांतच आमची तक्रार आहे. शब्द दिला सगळ्या देशानें. तो पाळल्याची शोभा मिळाली पंतप्रधानांस, कोर्टास, साऱ्या राष्ट्रास. मग त्याची किंमत एका पिकाच्या शेतकऱ्यांनीं कां भरावी? शहरांतल्या सावकारी पेढीचा एक दिवसाचाही धंदा त्यानें बुडाला नाहीं. राष्ट्राची अब्रू राखावयाची तर राष्ट्राच्या तिजोरीनें राखावी आणि शेतकऱ्यास उचल नव्हे, रोख भरपाई द्यावी. त्या मुलखांतल्या शेतकऱ्यांनींही हीच गोष्ट आपल्या सरकारच्या कानीं घालावयास हवी होती. आपण असतों तर घातली असती काय, हें ज्याचें त्यानें पाहावें.

कोर्टाचें काम चालूंच होतें. मेंगबाईच्या वकिलांचा मोठा मुद्दा असा कीं, कॅनडानें स्वतःचे इराणवरचे निर्बंध आधींच उठविले होते, तेव्हां हा कॅनडांत गुन्हाच नाहीं. मघाशीं आम्हीं म्हटलें नाहीं का, कीं दोन्हीकडे गुन्हा असावा लागतो? न्यायाधीश हेदर होम्स यांनीं २७ मे २०२० रोजीं निकाल दिला कीं, येथें मूळ प्रश्न बँकेच्या फसवणुकीचा आहे आणि फसवणूक कॅनडांतही गुन्हाच आहे. तात्या, ही बारीक गोष्ट ध्यानांत ठेवा. परदेशीं पळालेल्याचे वकील अशाच फटींत पाचर मारून बसतात.

मार्च २०२१ मध्यें दोघा मायकलांचे खटले बंद दाराआड उरकले. परदेशी वकील दाराबाहेर उभे होते, त्यांस आंत सोडलें नाहीं. ऑगस्टांत स्पेव्हरला अकरा वर्षांची शिक्षा झाली. मेंगबाईची सुनावणीही त्याच महिन्यांत संपली, निकाल यावयाचा होता.

तो आलाच नाहीं. २४ सप्टेंबर २०२१ रोजीं मेंगबाई व्हँकूव्हरहून पडद्यावर न्यूयॉर्कच्या कोर्टापुढें आली. बँकेला सांगितलेल्या कांहीं गोष्टी खऱ्या नव्हत्या एवढें तिनें लेखी मान्य केलें, गुन्हा मात्र कबूल केला नाहीं. अमेरिकेनें खटला तहकूब केला, आणि पुढें डिसेंबर २०२२ मध्यें तो काढूनही टाकला. त्याच दिवशीं बाई विमानांत बसली. आणि त्याच दिवशीं चीनमधून दुसरें विमान निघालें, त्यांत दोघे मायकल! एक हजार एकोणीस दिवसांनीं. चीननें सांगितलें, प्रकृति बरी नाहीं म्हणून जामिनावर सोडलें. दोघांची प्रकृति एकाच दिवशीं, एकाच घटकेस बिघडावी, हाही योगच म्हणावयाचा. कॅनडांत पंतप्रधान सामोरे गेले. शेन्झेन शहरीं बाईसाठीं तांबडा गालिचा घातला होता आणि लोक झेंडे घेऊन उभे होते.

पण कॅनोलाचा निकाल त्या दिवशीं लागला नाहीं. माणसें सप्टेंबरांत घरीं आलीं, परवाने परत मिळाले मे २०२२ मध्यें. आणखी आठ महिने. पुढें २०२५ सालीं बिजलीवर चालणाऱ्या मोटारींच्या जकातीवरून त्याच दोन देशांचा पुन्हां वाद पेटला. कॅनडानें चिनी मोटारींवर जकात बसविली होती. चीननें मार्चमध्यें कॅनोलाचें तेल, पेंड आणि वाटाणा यांवर शेंकडा शंभर जकात ठेवली आणि ऑगस्टांत दाण्यावरही जबर कर बसविला. मोटार करणारे कोण, आणि हप्ता भरणारे कोण! जानेवारी २०२६ मध्यें कॅनडाचे नवे पंतप्रधान कार्नी बेजिंगला गेले तेव्हां या जकातींची तडजोड झाली.

तुम्ही म्हणाल, हें सातासमुद्रांपलीकडचें. तर घरच्या चुलीवर पाहा. आपण मसुराची आमटी करतों, त्या मसुरांत कॅनडाचा मसूर पुष्कळ असतो. आपला देश त्यांचा मोठा गिऱ्हाईक. सप्टेंबर २०२३ मध्यें कॅनडाच्या पंतप्रधानांनीं आपल्या पार्लमेंटांत उभें राहून, तिथें झालेल्या एका शीख फुटीर पुढाऱ्याच्या खुनाचा संबंध हिंदुस्थान सरकारशीं जोडला. आपल्या सरकारनें तो साफ नाकारला. ऑक्टोबर २०२४ मध्यें दोघांनीं एकमेकांचे सहा सहा वकील घालवून दिले. आणि त्याच वेळीं आपल्या परराष्ट्र खात्यानें सांगितलें कीं, आरोपी परत मागणारे आपले सव्वीस अर्ज कॅनडाकडे वर्षानुवर्षें पडून आहेत. करार आहे, १९८७ चा. त्या दिवसांत कांहीं व्यापाऱ्यांनीं मसुराची खरेदी हात आंखडून केली, न जाणो उद्यां दार लागलें तर! सुदैवानें कोणत्याही बाजूनें डाळीला हात लावला नाहीं, आणि २०२५ मध्यें दोन्हीकडे पुन्हां उच्चायुक्त नेमले गेले. या वेळीं सस्कॅचेवानचा शेतकरी वांचला आणि आपली आमटीही.

मागें बसलेल्या एका बहिणीनें मघापासून हात वर केला आहे. तिचें म्हणणें असें कीं, बापानें अडीच वर्षांनीं पाहिलेली ती पोरगी बापाकडे आली कीं रडली? बाई, तें कोणत्याही वर्तमानपत्रांत आम्हीं वाचलें नाहीं. आणखी कोणास कांहीं विचारावयाचें असेल तर त्यांनीं आतांच विचारावें, कारण वरच्या वाड्यांकडे जाणारी शेवटची एस्टी साडेसहाला सुटते आणि बाजाराचीं पोतीं अजून टपावर चढवावयाचीं आहेत.